मूल दुसऱ्या घरी गेले, तरी जबाबदारी सरकारचीच

नऊ वर्षांची मुलगी आणि तिचा सात वर्षांचा भाऊ. आई वारली, वडील दारूच्या पूर्ण आहारी गेलेले, आजी-आजोबा हयात नाहीत, नातेवाइकांनी हात वर केलेले. शेवटी शेजारच्या बाईंनी 1098 वर फोन केला. ही भावंडे मी समजावून सांगण्यासाठी कल्पिली आहेत; पण अशी मुले महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्यात सापडतील. त्यांचे पुढे काय व्हावे, हे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 या कायद्यात टप्प्याटप्प्याने लिहिलेले आहे.

पहिला टप्पा बालकल्याण समितीचा. मूल सापडल्यापासून, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांच्या आत त्याला समितीपुढे हजर करावे लागते. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती समुपदेशन करणारी एखादी मंडळी आहे, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत आणि महिन्यातून किमान 20 दिवस तिने बसावे असे कायदा सांगतो. समितीने आदेश दिला की 15 दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल यायला हवा: घर कसे आहे, वडिलांची अवस्था काय, नात्यात खरेच कोणी नाही का. मूल पहिल्यांदा हजर झाल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, अशी अपेक्षा आहे.

हा आदेश देताना समितीने एक तत्त्व डोळ्यांपुढे ठेवायचे असते. ते कायद्याच्या तिसऱ्या कलमात आहे: संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. म्हणजे बालगृहात जागा रिकामी आहे एवढ्यावरून मुलाला तिथे पाठवता येत नाही. आधी कुटुंबाचा शोध घ्यावा लागतो.

आपल्या उदाहरणात दत्तकाचा मार्ग बंद आहे, कारण वडील जिवंत आहेत आणि ते सावरतील ही शक्यता समितीने सोडलेली नाही. दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मदात्यांशी असलेले कायदेशीर नाते संपते. फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे मूल तात्पुरते दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवण्याच्या व्यवस्थेत, ते संपत नाही. मूल परक्या घरात राहते, वाढते, शाळेत जाते, पण त्या घराचे वारस होत नाही, आणि परत जाण्याचा रस्ता खुला राहतो. याची उलट बाजूही कायद्याने सांभाळली आहे. समितीने दत्तक देण्यास योग्य ठरवलेले मूल दीर्घ मुदतीच्या फॉस्टर केअरमध्ये ठेवता येत नाही. कायमचे आईबाप मिळू शकणारे मूल तात्पुरत्या व्यवस्थेत अडकू नये, हा त्यामागचा हेतू.

कुटुंब निवडायचे काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे. केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी आता अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तींनाही दार उघडले आहे. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कोणालाही सांभाळू शकते, एकट्या पुरुषाला मात्र फक्त मुलगाच सोपवला जातो. जोडप्याचे वैवाहिक आयुष्य किमान दोन वर्षे स्थिर असावे लागते. कक्षाची माणसे घरी जाऊन अहवाल तयार करतात. इथेच एक अवघड प्रसंग उभा राहू शकतो. कुटुंब चांगले असते, पण म्हणते, ‘मुलगी द्या, भावाचे तुम्ही दुसरीकडे बघा.’ कलम 44 स्पष्ट आहे: भावंडांना एकत्र ठेवण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करायचा. वेगळे करायचे तर ते मुलांच्याच हिताचे असले पाहिजे, कुटुंबाच्या सोयीचे असून भागत नाही. आई गेलेल्या मुलीचा भाऊही दुसऱ्या गावी गेला, तर तिच्याकडे तिचे म्हणावे असे काय उरले? अशा वेळी समितीने दुसरे घर शोधावे, थोडा उशीर झाला तरी चालेल, असे माझे ठाम मत आहे.

पैशाबद्दल लोकांचा फार गोंधळ होतो. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत फॉस्टर केअरसाठी दर मुलामागे दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्राची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना वेगळी. तिच्यात दरमहा 2,250 रुपये मिळतात आणि ते बहुधा एकल पालकाकडे किंवा नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी असतात. फॉस्टर केअरची रक्कम हे पालकांचे मानधन नव्हे, ती मुलाच्या खर्चासाठी आहे. शिक्षण, आरोग्य आणि आहार ही कुटुंबाची जबाबदारी असली, तरी दरमहा पैसा पुरवणे हे राज्य सरकारचे कर्तव्य आहे. ‘निधी आला की देऊ’ हे उत्तर इथे चालू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचे. मूल घरी पोहोचले, सह्या झाल्या, फाइल बंद झाली, असे इथे होता कामा नये. कलम 44 म्हणते की प्रतिपालक (फॉस्टर) कुटुंबाची तपासणी दर महिन्याला व्हावी आणि ती समितीनेच करावी. काळजी घेण्यात कुटुंब कमी पडत असेल, तर मुलाला तिथून काढून दुसऱ्या कुटुंबात हलवता येते. माझ्या दृष्टीने साऱ्या कायद्याचा जीव या एका तरतुदीत आहे. परक्या घरात आलेले मूल तक्रार करत नाही. आपल्याला इथूनही घालवतील, ही भीती त्याच्या मनात असते. त्यामुळे ओसरीवर चहा घेऊन, सगळ्यांसमोर ‘बाळ, बरी आहेस ना?’ विचारून झालेली भेट ही तपासणी नसते. मुलगी झोपते कुठे, तिचे अंथरूण वेगळे आहे का? घरच्या मुलांच्या डब्यात जे असते, तेच तिच्या डब्यात असते का? शाळेचे हजेरीपत्रक काय सांगते? आठवड्यातून दोन दिवस ती घरी का थांबते, धुणीभांडी कोण करते? आणि तिला एकटीला बाजूला घेऊन बोलावे लागते, घाई न करता. मुलाचे म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा हक्क याच कायद्याच्या मूलतत्त्वांत आहे.

पाच माणसांकडे सगळा जिल्हा असताना हे कसे व्हायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तरही सरकारनेच द्यायचे आहे. संपूर्णा बेहुरा प्रकरणात फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालकल्याण समित्यांमधली रिकामी पदे भरण्यावर भर दिला होता. जिथे समितीच अपुरी आहे, तिथे दरमहाची तपासणी कागदावरच राहणार.

वडिलांचेही काही हक्क आहेत. समितीने त्यांना अक्षम ठरवले म्हणून मूल दुसरीकडे ठेवले असेल, तर ठराविक काळाने ते मुलांना भेटू शकतात. भेट नाकारायची तर समितीने कारणे नोंदवावी लागतात. ते सक्षम झाल्याची समितीची खात्री पटली, की मुले त्यांच्याकडे परत जाऊ शकतात. पण या काळात त्यांना व्यसनमुक्ती केंद्रापर्यंत कोणी नेलेच नाही, तर ते सक्षम व्हायचे कसे? मुलांची सोय लावून बापाला वाऱ्यावर सोडले, तर तात्पुरती व्यवस्था नकळत कायमची होते.

बिघडले तर दाद कुठे मागायची? फॉस्टर केअरबाबतच्या समितीच्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. समितीच्या कामकाजाबद्दलची तक्रारही त्यांच्याकडेच जाते, आणि ती स्वतः मूलसुद्धा करू शकते. कुटुंबांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: अशा मुलाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड होईल असे काही करणे कलम 74 खाली गुन्हा आहे. कौतुकाने कोणाला फोटो छापायला देण्याआधीही हे आठवावे.

आणि अठरावे वर्ष. अनुरक्षण, म्हणजे 18 ते 21 या वयातल्यांना मिळणारी आर्थिक आणि इतर मदत, कायद्याच्या व्याख्येत संस्थेतून बाहेर पडलेल्यांना आहे. बालगृहात वाढलेला तरुण त्यात सरळ बसतो. नवव्या वर्षी परक्या घरात गेलेली आणि तिथेच वाढलेली आपली मुलगी त्या शब्दांत बसत नाही. ज्या सरकारने तिला बालगृहाऐवजी घर दिले, त्याच्याच निर्णयामुळे ती अठराव्या वर्षी मदतीला मुकावी, हे अन्यायाचे आहे. वसतिगृहाची फी, अभ्यासक्रमाचा खर्च, पहिल्या नोकरीपर्यंतचे घरभाडे, हे सगळे तिलाही लागणार आहे. केंद्राने व्याख्या बदलेपर्यंत राज्य सरकारने स्वतःच्या योजनेतून तिला ते द्यावे.