वायफायच्या दांड्या पूर्ण, मग वेग कुठे जातो?

ऑफिसात फोनवर वायफायच्या सगळ्या दांड्या दिसतात, पण मीटिंग मात्र अडखळते. असं का होतं?

वायफायच्या एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. त्यात प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंट साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी ‘मी इथे आहे’ अशी हाक देतो. हा बीकन. तो लांबच्या उपकरणालाही कळावा म्हणून सर्वांत कमी अनिवार्य वेगाने जातो. २.४ गिगाहर्ट्‌झवर हा वेग बहुधा १ एमबीपीएस असतो.

आता हिशोब करा. २५० बाइटचा बीकन या वेगाने हवेत २ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ घेतो. कर्मचारी, पाहुणे, प्रिंटर अशी पाच नेटवर्क-नावं ठेवली तर पाच वेगळे बीकन. एकाच चॅनलवर असे तीन अ‍ॅक्सेस पॉइंट ऐकू येत असतील तर पंधरा. म्हणजे कुणी काही पाठवण्याआधीच जवळजवळ एक तृतीयांश वेळ संपला!

उपाय सेटिंगमध्येच आहे. किमान वेग १२ एमबीपीएस केला, तर तेच पंधरा बीकन ३ टक्क्यांहून कमी वेळात उरकतात. नावं दोन-तीनच ठेवा, म्हणजे आणखी वाचेल.

पण एक सांभाळा. ८०२.११बी प्रकारच्या जुन्या उपकरणांचा कमाल वेगच ११ एमबीपीएस असतो. गोदामातला जुना बारकोड स्कॅनर या बदलानंतर जोडलाच जाणार नाही. कोपऱ्यातल्या, दुबळा सिग्नल मिळणाऱ्या उपकरणांचीही जोडणी तुटू शकते. म्हणून आधी एकाच मजल्यावर करून पाहा, मग सगळीकडे.