रिकामा खटका, मार कोणाला?

मागच्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला तीन दिवस उरले असताना आमच्या क्लबचं पॉइंट टू टू पिस्तूल अडलं. गोळी सुटायची, पण रिकामी पुंगळी चेंबरमध्येच घट्ट बसून राहायची. आर्मरर काकांनी नळीच्या मागच्या तोंडाला भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "रिकामं कोण मारत होतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. महिनाभर रोज संध्याकाळी मी रेंजवर गोळी न भरता पन्नास-साठ वेळा खटका ओढत होतो. याला ड्राय फायर म्हणतात. गोळ्या महाग, आणि धक्का नसल्यामुळे खटका ओढताना माशी कुठे हलते ते स्वच्छ दिसतं, म्हणून सगळेच नेमबाज हा सराव करतात. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक गोळीला फक्त तीन सेकंद मिळतात आणि खटक्याचं वजन किमान एक किलो लागतं. याच प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. तीन सेकंदांत हात उचलून एक किलोचा खटका न हिसकता ओढणं हे सवयीनेच जमतं. सरावात चूक नव्हती. चूक होती ती पिस्तुलाचा प्रकार न बघता केल्याची.

पोलिसांच्या ९ एमएम पिस्तुलाचं काडतूस सेंटरफायर असतं. त्याच्या बुडाच्या मधोमध प्रायमरची छोटी टोपी असते, तिच्यावर पिन आपटते. काडतूस नसेल तर पिन चेंबरच्या मोकळ्या भोकात जाते, धातूला धातू लागत नाही. (तरी तिथेही मॅन्युअल बघावंच.) पॉइंट टू टू रिमफायर आहे. यात टोपी नाहीच. पेटणारा मसाला बुडाच्या कडेच्या पोकळ घडीत भरलेला असतो. पिन कडेवर आपटते, कडा पिन आणि नळीचं तोंड यांच्यात चेंगरते, मसाला पेटतो. पिन हा हातोडा, नळीचं तोंड ही ऐरण. आता मधली कडाच काढून घ्या. हातोडा थेट ऐरणीवर!

सेकंड इयरला आपण ब्रिनेल टेस्ट केली ना, तीच ही. पिन कडक, नळीचं पोलाद त्यामानाने मऊ. रोज त्याच जागी ठोका बसला की खळगा पडतो आणि सरकलेला धातू चेंबरच्या आत फुगवटा करून येतो. मग पुंगळी अडकते. खळग्याच्या जागी कडेला आधार उरत नाही, त्यामुळे ठोका हलका पडून गोळी फुसकीही जाते. कधी पिनचंच टोक उडतं.

मग रिमफायर कधीच रिकामं मारू नये का? तसं नाही. कडेची जाडी साधारण १.१ मिलिमीटर असते. पिन त्यापेक्षा कमी पुढे येत असेल तर ती नळीला शिवतच नाही. आजची बरीच पिस्तुलं अशीच बनवतात. रुगर मार्क मालिकेत पिन अडवायला एक आडवी बारीक खीळ असते, आणि त्या पिस्तुलाला ड्राय फायर चालतं असं कंपनीच सांगते. पण साफसफाईनंतर ती खीळ घालायची राहिली, की पिन थेट चेंबरच्या कडेवर! स्पर्धेच्या कित्येक पिस्तुलांत तर ड्राय फायरची वेगळी सोयच असते. म्हणजे उत्तर मॉडेलनुसार बदलतं आणि ते मॅन्युअलमध्ये असतं, जे आपण इंजिनिअर लोक सगळ्यात शेवटी उघडतो. आमचं पिस्तूल जुनं होतं आणि मॅन्युअल कपाटात.

मॅन्युअल नसेल तर चेंबरमध्ये काहीतरी घालूनच खटका ओढावा. वापरलेली पुंगळी चालते, पण दर वेळी थोडी फिरवायची, कारण चेपलेली जागा दुसरा ठोका झेलत नाही. अमेरिकेत नेमबाज भिंतीत स्क्रू बसवायचा प्लास्टिकचा प्लग घालतात. तोही झिजला की टाकायचा. धातूची नकली काडतुसं मिळतात, त्यांतली काही मात्र नुसती भरण्या-काढण्याच्या सरावासाठी असतात, ठोके खायला नाही.

हे झालं पिस्तुलाचं. माणसाचं त्याआधी. खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत, मॅगझिन बाहेर, चेंबर दोघांनी बघायचं, तोंड टार्गेटकडेच. आणि हे सगळं रेंजवर, हॉस्टेलच्या खोलीत नव्हे. रेक्टर सरांनी हा लेख वाचला तर ही ओळ त्यांच्यासाठी आहे.

काकांनी एका निमुळत्या हत्याराने तो फुगवटा हळूहळू मागे दाबला. पिस्तूल स्पर्धेला चाललं. तेव्हापासून क्लबच्या कपाटात मापाच्या प्लगांची एक डबी असते, आणि ती भरलेली ठेवायचं काम माझं.