दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक



दर रविवारी वसतिगृहातल्या मुलांना भेटायला पालक येतात. मागच्या पावसाळ्यात राजूरजवळच्या एका ठाकरवाडीतली आई आली. मुलांना भाकरी-चटणी दिली आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, ह्यांची दारू सुटंल अशी कुठं जागा हाये का?"

मला ठाऊक नव्हती. म्हणून मी जे केले ते आधी सांगते, कारण तसे कोणी करू नये. मी त्या दादांना बोलावले, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, प्रार्थना केली आणि निश्चिंत झाले. दादांनी शब्द पाळला. तिसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरू लागले, अंगावर मुंग्या चढताहेत म्हणून ते ओरडू लागले, रात्री आकडी आली. जीपने दवाखान्यात नेले. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवले तर पहिल्या दोन-तीन दिवसांत असे होऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो, हे मला तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. ते दिवस औषधावर आणि देखरेखीखालीच काढायचे असतात. शपथेचे बघू नंतर.

निघताना डॉक्टरांनी 'ए.ए.'चे नाव काढले. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे नाव न सांगणाऱ्या मद्यपींची संघटना. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलूनच सावरले. त्यातून ती उभी राहिली. १९५७ मध्ये ती मुंबईत आली. सभासद होण्यासाठी एकच अट आहे, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, हजेरीपट नाही.

गट शोधायला वेळ लागला. आता विचाराल तर १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे, तिथे विचारता येते. पुण्याच्या मुक्तांगणसारखी केंद्रे किंवा सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभागही वाट दाखवतो. ए.ए.च्या सभा फोनवरूनही होतात, पण आमच्या वाड्यांवर रेंज डोंगरमाथ्यावरच मिळते. शेवटी दोन तासांच्या एस.टी. अंतरावर एक गट सापडला. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

दादांच्या घरची आणि मी, दोघी सोबत गेलो. काही सभा फक्त पिणाऱ्यांसाठी असतात, खुल्या सभेला कोणीही बसू शकते. शाळेची खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा. एकेक जण उठून आपले पहिले नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो आणि आपलीच गोष्ट सांगतो. मधे कोणी बोलत नाही, कोणी सल्ला देत नाही. नवा माणूस गप्प बसला तरी चालते. तिथे काय ऐकले ते बाहेर सांगायचे नसते, म्हणून मीही सांगत नाही. शेवटी एक डबा फिरतो, ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे. त्यांच्या बारा पायऱ्यांत देवाचे नाव येते, पण ज्याला जसा उमगेल तसा देव. मला हे सुरुवातीला खटकले. दादांना नाही.

बाहेर आल्यावर दादा म्हणाले, "त्यो गाडीवाला साहेबबी मला तुम्ही म्हनला."

सभा साडेआठला सुटली आणि आमची शेवटची गाडी गेलेली. गटातल्याच एकाने घरी झोपायला नेले. पण दर आठवड्याला असे कोण जाणार? दिवसाची मजुरी बुडते. कांदा लावणीला नारायणगावकडे गेले की महिनाभर खंड. पाच आठवड्यांनी एका हळदीत दादा प्याले. पुढच्या सभेला त्यांना कोणी रागावले नाही, खुर्ची दिली. बायका मतदान करून गावातली बाटली आडवी करतात, ते धाडसच आहे. पण परवान्याचे दुकान बंद झाले तरी गूळ-नवसागराची हातभट्टी ओढ्याकाठी असतेच, आणि दादांची तहानही कुठे जात नाही.

म्हणून गट आपल्याकडेच हवा. दोघे-तिघे जमले तरी ए.ए.चा गट होतो. हे आपल्या वाचकांना ओळखीचे वाटेल.

मंडळीच्या कमिटीपुढे विषय ठेवला तेव्हा सर्वांनी उदारपणे विचारले, किती देणगी द्यायची? काहीच नाही. ए.ए. बाहेरच्यांकडून पैसे घेत नाही, आपला खर्च आपणच भागवते. फुकट खोलीसुद्धा त्यांनी नाकारली. पन्नास रुपये भाडे ठरले. सभेच्या आरंभी पाळकसाहेबांचे दोन शब्द असावेत आणि या अंकासाठी एक फोटो काढावा, असेही कोणी सुचवले. त्यालाही नम्रपणे नकार आला. देणगीदारांना दाखवायला आपल्याकडे काहीच उरले नाही, हे कमिटीला जरा जड गेले. मलाही गेलेच.

दादांच्या घरची आता विचारते, बायकांसाठी असे काही आहे का. आहे. अल-अ‍ॅनॉन, १९५१ पासून, घरच्या माणसांसाठी. त्याचा गट शोधणे अजून बाकी आहे.

गुरुवारी संध्याकाळी मी खोलीचे कुलूप काढून देते, माठ भरते आणि वसतिगृहात परतते. गेल्या गुरुवारी चार चपला होत्या. सकाळी कपाटावर पन्नासची नोट होती आणि खोली झाडलेली होती.