चांदीपुरा विषाणू आणि मेंदूतली जनुकं

मी केजला बारावीला जीवशास्त्र शिकवतो. परवा एका मुलीनं वर्गात विचारलं, "सर, व्हायरस मेंदूतले जीन्स बदलतो का?" प्रश्न इतका आवडला की इथंही लिहितोय.

उदाहरण आपल्याच राज्यातलं घेऊ. १९६५ मध्ये नागपूरकडच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांमध्ये एक नवा विषाणू सापडला. गावावरूनच त्याचं नाव पडलं. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात त्यानं अनेक लेकरांचा जीव घेतला. ताप, झटके, बेशुद्धी, आणि सगळं एक-दोन दिवसांत.

हा विषाणू आपला डीएनए बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की कोणती जनुकं किती जोरात काम करतात.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. विषाणूचा आरएनए दिसताच त्या इंटरफेरॉनची जनुकं चालू करतात. त्यातून विषाणूला रोखणारी शेकडो जनुकं कामाला लागतात.

पण सोबत सूज वाढवणारी जनुकंही चालू होतात. एरवी पीटेन हे प्रथिन त्यांना लगाम घालतं. प्रयोगशाळेत दिसलं, की चांदीपुरा विषाणूमुळे एमआयआर-२१ हा छोटा आरएनए वाढतो आणि पीटेन घटतं. लगाम सुटतो, सूज भडकते आणि चेतापेशी मरतात.

हा विषाणू वाळूमाशी पसरवते. ती डासापेक्षा लहान असते, मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यात लपते. भेगा लिंपा, लेकरांना मच्छरदाणीत झोपवा. तापात झटका आला तर थेट दवाखाना गाठा.