संदेशांची रांग का तुंबते?

तिकीट आरक्षित झाले, पैसेही वळते झाले. पण मोबाइलवर संदेश येत नाही. अशा वेळी दोष पडद्यामागील संदेश-रांगेत असू शकतो. २००७ मध्ये आलेली ‘रॅबिटएमक्यू’ ही अशा रांगा सांभाळणारी एक प्रणाली. एक प्रोग्रॅम संदेश रांगेत ठेवतो. दुसरा तो उचलतो आणि काम झाल्यावर पोचपावती देतो. त्यानंतरच संदेश रांगेतून वगळला जातो.

रांग तुंबल्यास प्रथम दोन आकडे पाहावेत. उचलण्याविना पडून असलेले संदेश वाढत असतील आणि घेणारा एकही प्रोग्रॅम दिसत नसेल, तर जोडणी तुटलेली असू शकते. उचललेले, पण पोचपावतीविना राहिलेले संदेश ठरलेल्या मर्यादेला टेकून स्थिर असतील, तर जोडणी शाबूत असून प्रोग्रॅमच अडकलेला असू शकतो. ‘हार्टबीट’ या नियमित संकेतातून जोडणी जिवंत असल्याचे कळते. काम होत असल्याचे नव्हे.

प्रोग्रॅम घाईने बंद करून पुन्हा सुरू केल्यास पावती न मिळालेले संदेश रांगेत परततात. काम आधीच झालेले असेल, तर पैसे दोनदा वळते होण्याचा धोका संभवतो. म्हणूनच प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देऊन तो आधी तपासणे आवश्यक ठरते.