पहिल्या ब्रेकवर जाऊ नका

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट चाळीसेक किलोमीटरमध्ये गाडीला सुमारे १,२०० मीटर खाली आणतो. माणसं-सामान धरून १,६०० किलो भरणारी गाडी एवढं उतरते, तेव्हा मोकळी होणारी ऊर्जा तीच गाडी ताशी १०० किलोमीटर वेगातून तीस वेळा पूर्ण थांबवायला लागेल तेवढी असते. यातला काही भाग हवा, टायर आणि खालच्या गिअरमधलं इंजिन झेलतं. उरलेल्या सगळ्याची उष्णता होते आणि ती चार डिस्क आणि आठ पॅड यांच्या वाट्याला येते. त्यातही पुढच्यांच्या जास्त, कारण ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे येतो.

हा झाला शांतपणे उतरणाऱ्याचा हिशेब. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २४५ घ्या. २०२० मध्ये आपल्याकडे अवघ्या २०० आल्या, २४५ अश्वशक्तीच्या. अशी गाडी दोन वळणांमधल्या छोट्याशा सरळ रस्त्यावरही झटकन वेग घेते आणि प्रत्येक वळणाआधी तो वेग पुन्हा मारावा लागतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १०० ऐवजी १४० वरून थांबायचं, तर ब्रेकवर जवळजवळ दुप्पट बोजा पडतो. म्हणून अशा गाडीचे पॅड झिजले की दुकानात ‘कुठल्या कंपनीचे देऊ?’ या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न यायला हवा: ही गाडी चालते कुठे, आणि तिथे तिचे ब्रेक किती तापतात?

पॅड म्हणजे पोलादी पाटीवर दाबून भाजलेलं मिश्रण. त्यात धातूचे किंवा अ‍ॅरामिडचे तंतू, ग्रॅफाइट, डिस्कला किंचित खरवडणारी कठीण पूड आणि बेरियम सल्फेटसारखा भराव असतो, आणि हे सगळं धरून ठेवणारं फिनॉलिक रेझिन. रेझिन ही त्यातली नाजूक कडी. तापमान तीन-चारशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की ते विघटित होऊ लागतं, पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये वायू सुटतो आणि पकड ढिली पडते. घाटात येणारा तो जळका वास याचाच. रेसच्या पॅडचं मिश्रण याहून कितीतरी जास्त तापमानासाठी बांधलेलं असतं. मात्र थंड असताना ते नीट पकडत नाही, किंचाळतं आणि डिस्क खातं. सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेर पहिल्याच ब्रेकला रिक्षा आडवी आली, तर तिथे थंड पकडच कामाची. रेसचे पॅड रोजच्या गाडीला लावू नयेत, याबाबत माझ्या मनात शंका नाही.

उतार आणि ब्रेक यांचं नातं मोटारीच्या जन्माइतकं जुनं आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेन्झ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या एका बूट शिवणाऱ्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगरात गाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधत. ते पाहून हर्बर्ट फ्रूडने १८९७ मध्ये जास्त टिकाऊ अस्तरं करायला घेतली. फेरोडो ही कंपनी त्यातूनच उभी राहिली.

महागड्या पॅडबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की ते लावले की गाडी कमी अंतरात थांबते. थंड ब्रेकवर जोरात पाय दिला आणि एबीएस थरथरू लागलं, म्हणजे रस्त्यावरची टायरची पकड संपली. पॅड त्यापुढे काही देऊ शकत नाही. अंतर कमी करायचं असेल, तर आधी टायर बघा. चांगल्या पॅडची लायकी दिसते ती लागोपाठच्या दहाव्या-पंधराव्या ब्रेकला, तापलेल्या अवस्थेत, जेव्हा तेवढ्याच दाबाला तेवढाच प्रतिसाद मिळतो. दुकानाबाहेर चक्कर मारून ‘काय कडक लागतो ब्रेक!’ म्हणणं हा निकष नव्हे. उलट, पहिल्याच स्पर्शाला झडप घालणारे पॅड पावसाळ्यात ओल्या वळणावर हळुवार ब्रेक लावू देत नाहीत, आणि आपल्याकडे वर्षातले चार महिने तर रस्ता ओलाच असतो.

मग घ्यायचं काय? शहर, हायवे आणि अधूनमधून घाट असा वापर असेल, तर माझं मत ठाम आहे: कंपनीचेच पॅड किंवा त्या तोडीचे. युरोपात रस्त्यावरच्या गाड्यांच्या बदली पॅडसाठी आर-९० हा नियम आहे. त्यानुसार बदली पॅडचा प्रतिसाद मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावा लागतो. पॅडच्या पाटीवर ‘ई’ आणि ९०आर ने सुरू होणारा क्रमांक दिसला, की तो या चाचणीतून गेलेला आहे. दर शनिवार-रविवारी घाटात जोरात जाणाऱ्यांसाठी आणि वर्षातून एखाद्या वेळी ट्रॅकवर उतरणाऱ्यांसाठी मधली पायरी आहे: फेरोडोचे डीएस २५००, ईबीसीचे यलोस्टफ आणि त्या जातीचे. त्यांची उष्णता सोसण्याची ताकद जास्त. त्या बदल्यात काळी धूळ, थोडा आवाज आणि डिस्कची झीज मान्य करावी लागते. डब्यावरच्या ‘सिरॅमिक’ शब्दाला मात्र भुलू नका. असे पॅड शांत असतात, धूळ कमी करतात. पण सुपरकारच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्यांचा काही संबंध नाही.

काही पॅडच्या कडेला छापलेल्या मजकुराच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर मध्यम तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेतलं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. अडचण अशी, की ही चाचणी प्रयोगशाळेत इंचभर तुकड्यावर होते आणि साधारण ३४३ अंशांवर थांबते. त्यामुळे दोन ‘एफएफ’ पॅड घाटात अगदी वेगळे वागू शकतात. अक्षरांवरून अंदाज बांधा, निवड करू नका.

पुढे आणि मागे वेगवेगळ्या जातीचे पॅड बसवण्याआधी नीट विचार करा. फक्त मागे जास्त पकडीचे पॅड लावले, तर मागची चाकं आधी घसरू पाहतात आणि वळणावर शेपूट सुटते. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हे सावरते, पण तिच्या भरवशावर समतोल बिघडवणं मला धोक्याचं वाटतं.

नवे पॅड बसवले की ते डिस्कला लावून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, असं आठ-दहा वेळा. मध्ये पूर्ण थांबायचं नाही आणि शेवटी ब्रेक न लावता गाडी चालवत सगळं थंड होऊ द्यायचं. यात पॅडचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. तापलेला पॅड सिग्नलला दाबून धरला, तर तेवढ्याच जागी जास्त माल चिकटतो आणि पुढे स्टीअरिंग थरथरतं. मग गॅरेजमध्ये ‘डिस्क वाकली’ असं निदान होऊन ती लेथवर चढते. पुष्कळदा डिस्क सरळच असते, तिच्यावरचा थर तेवढा असमान असतो. जुन्या पॅडची जात वेगळी असेल, तर डिस्कवरचा तिचा थर आधी घासून काढावा. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे पॅड स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये नेऊनच बदलावेत. पिस्टन जोर लावून मागे ढकलला, तर मोटर बिघडू शकते.

आणि ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो: नियमानुसार नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळलं पाहिजे, पाणी मुरलेलं १५५ ला, डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. दोन वर्षांनी ते बदलायचं. घाटात ब्रेक कमी झाले, तर आधी खालच्या गिअरवर या, सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या आणि पेडल कसं लागत होतं ते आठवा. पेडल ताठ होतं पण गाडी आवरत नव्हती, तर पॅडची ताकद संपली होती आणि वरच्या जातीचा विचार करायला हरकत नाही. पेडल मऊ होऊन खोल गेलं असेल, तर बहुधा तेल उकळलं. तिथे पॅडवर पैसे घालू नका, आधी ऑइल बदला आणि मग त्याच घाटातून पुन्हा उतरून पाहा.