हवेच्या कण्याची होडी

फुगविलेल्या कातड्याच्या आधाराने नदी ओलांडण्याची युक्ती फार प्राचीन आहे. इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकातील असीरियाच्या शिल्पपटांत हवा भरलेल्या पखालींना बिलगून पैलतीर गाठणारे सैनिक कोरलेले आढळतात. आपल्याकडे सतलज व बिआस या नद्यांवर फुगविलेल्या कातड्यांवरून उतारूंची ने-आण करणारे नावाडी एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांनी पाहिले होते. दोघांनी बसून वल्हवावयाची जी हवा भरलेली कयाक आज बाजारात मिळते, तिचा एक पूर्वज ही पखाल होय. दुसरा पूर्वज म्हणजे ग्रीनलंडमधील इन्युइट लोकांची कयाक. वाहून आलेले लाकूड व हाडे यांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. तिच्यात आकार राखण्याचे काम सांगाडा करी आणि पाणी बाहेर ठेवण्याचे काम कातडे करी. फुगविलेल्या कयाकमध्ये सांगाडा नसतोच. तेथे आकार राखण्याचे काम हवेलाच करावे लागते, आणि अशा होडीची पारख करताना प्रथम हीच गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

रबराचा थर दिलेले कापड तयार होऊ लागल्यावर या कल्पनेला नवे रूप आले. १८४० नंतरच्या दशकात ब्रिटिश आरमारातील लेफ्टनंट पीटर हॅल्केट याने एक विलक्षण झगा तयार केला. झगा अंगावरून उतरवून भात्याने फुगविला की त्याची होडी होई, हातातील काठीचे वल्हे होई आणि छत्रीचे शीड होई! दोन माणसे वाहणारी व पाठीवरील पिशवीत मावणारी एक होडीही त्याने बनविली. आरमाराच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या कल्पकतेची वाखाणणी केली, परंतु आरमाराच्या सर्वसाधारण उपयोगाची ही वस्तू नव्हे असा निर्वाळाही दिला. जॉन रे याने मात्र १८४६ साली उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत हॅल्केटची होडी बरोबर नेली.

पुढे १९५६ साली हान्नेस लिंडेमान या जर्मन वैद्याने घडीच्या दोन आसनी कयाकमधून एकट्याने ७२ दिवसांत अटलांटिक महासागर पार केला. त्या कयाकच्या दोन्ही काठांना हवेच्या नळ्या होत्या, परंतु तिचा सांगाडा लाकडाचा होता. केवळ हवेवर उभ्या असलेल्या होडीच्या विक्रेत्याने या पराक्रमाचा दाखला दिल्यास त्यावर फारसे विसंबू नये.

होडी किती भार वाहील हा ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, आणि खरे पाहता तोच सर्वांत सोपा आहे. २४ सेंटिमीटर व्यासाच्या व साडेतीन मीटर लांबीच्या एका नळीत सुमारे १५८ लिटर हवा मावते. अशा दोन नळ्या पूर्ण बुडाल्या तर ३१६ किलोग्रॅम पाणी बाजूस सारतील, म्हणजे तेवढा भार तोलून धरतील. दोन प्रौढ माणसे व स्वतः होडी मिळून भार १७० किलोग्रॅमच्या आसपास भरतो. तेव्हा होडी तरंगेल यात संशय नसतो. ती सरळ राहील की केळ्यासारखी वाकेल, हे मात्र या हिशेबावरून कळत नाही.

फुगविलेल्या नळीत दाब दुप्पट केला, तर घडी पडण्यास ती दुप्पट विरोध करते. दाब तोच ठेवून व्यास दुप्पट केला, तर तोच विरोध आठपट होतो. भार कोठे ठेवला आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. पाण्याचा आधार होडीच्या सर्व लांबीवर सारखा मिळतो असे सोयीसाठी मानले, तर मधोमध बसलेला एकटा मनुष्य होडीला जितके वाकवितो, त्याच्या निम्मेच दोघे मिळून वाकवितात. मात्र त्या दोघांनी दोन्ही टोकांपासून लांबीच्या एकचतुर्थांश अंतरावर बसावयास हवे. प्रत्यक्षात अनेक होड्यांत आसने याहून जवळ असतात आणि हा लाभ काही अंशी वाया जातो. म्हणून आसने पुढेमागे सरकविता येतात की नाही, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे.

तळाचे दोन प्रकार आढळतात. साध्या तळात लांबट नळ्या शेजारी शेजारी असतात आणि त्यांत अल्प दाबाची हवा भरतात. दुसऱ्या प्रकारात वरच्या व खालच्या कापडास हजारो धाग्यांनी एकमेकांशी जखडलेले असते. त्यामुळे कितीही हवा भरली तरी तळ गोल न होता फळीसारखा सपाट राहतो आणि कित्येक पट अधिक दाब सहन करतो. किंमत वाढते हे खरे. पण दोघांनी नियमित वल्हवावयाचे असेल तर हा खर्च सार्थकी लागतो.

उष्णतेचा परिणाम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दाबमापक जो आकडा दाखवितो तो बाहेरील हवेच्या दाबाहून जास्त असलेला दाब होय. तापमान बदलते तेव्हा मात्र एकूण दाब बदलतो. समजा, भर उन्हात ४० अंश सेल्सिअस तापमान असताना नळीत दर चौरस सेंटिमीटरला ०.१५ किलोग्रॅम दाब भरला आणि मग होडी २० अंशांच्या पाण्यात लोटली. एकूण दाब फक्त सहा-सात टक्क्यांनी उतरतो, परंतु मापकावरील आकडा जवळजवळ निम्मा होतो. काठावर टणक वाटलेली होडी अशा रीतीने जलाशयाच्या मध्यभागी शिथिल पडते. उलटपक्षी, गार सकाळी गच्च भरलेली होडी दुपारी वाळूवर तापत ठेवली तर शिवण उसवण्याचा धोका असतो. होडी पाण्यात उतरविल्यावर दहा मिनिटे थांबून दाब पुन्हा तपासावा, व पाण्याबाहेर काढताच थोडी हवा सोडावी.

शिथिल होडीचा खरा धोका वारा सुटल्यावर कळतो. ही होडी वजनाने हलकी; ती पाण्यात थोडी बुडते व पाण्यावर उंच उभी राहते. तळाला मागील बाजूस बसवावयाचे पाते विसरले तर शांत पाण्यातही ती सरळ जात नाही. सह्याद्रीच्या कुशीतील जलाशयांवर उन्हाळ्यात दुपारनंतर वारा जोर धरतो. काठाकडून आत वाहणाऱ्या वाऱ्यात दोघे थकलेले वल्हेकरी पुढे सरकण्याऐवजी मागेच लोटले जाऊ शकतात. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध व येताना वाऱ्याबरोबर हा नियम येथे पाळलाच पाहिजे. होडी उलटलीच तर तिला धरून राहावे. रिकामी होडी वाऱ्याने इतक्या वेगाने जाते की चांगला पोहणाराही तिला गाठू शकत नाही. जीवरक्षक जाकीट पायाशी नव्हे, अंगावर असावे.

परीक्षा कमरेइतक्या पाण्यात करावी. दोघांनी बसावे आणि पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत ताणलेली दोरी व तळ यांतील अंतर मध्यभागी मोजावे. रिकाम्या होडीच्या मापाहून ते बरेच वाढले, तर होडी वाकत आहे असे समजावे. नंतर एका बाजूची नळी मुद्दाम रिकामी करून उरलेल्या कप्प्यांवर दोघे तरतात का ते पाहावे, आणि पाण्यातून पुन्हा आत चढून पाहावे. हे शेवटचे काम दिसते तितके सोपे नाही. पुढे बसणाऱ्याने लय धरावयाची व मागच्याने ती पाळून दिशा सांभाळावयाची असते. दोघांत जड असेल त्याने मागे बसावे.

कडक प्लॅस्टिकच्या दोन आसनी कयाकपेक्षा ही होडी मंद चालते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ती आगगाडीच्या डब्यात बाकाखाली मावते, आणि शहरातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहणाऱ्याला दुसरी होडी बाळगताच येत नाही. घरी आणल्यावर मात्र ती उलगडून सावलीत पूर्ण वाळवावी लागते. नळ्यांच्या बेचक्यांत राहिलेले पाणी चार दिवसांत बुरशी आणते, आणि माळ्यावर ठेवलेल्या अशा मऊ घड्यांत घर करणे उंदरांना फार आवडते.